फॉलमध्ये (पानगळीच्या मोसमात) एकट्यानं कॅम्पिंग : बाउंडरी वॉटर्स, मिनेसोटा (जाणाऱ्यांनी आधी वाचा)

सह्यवेडा_सातारा :
वासोट्याच्या धाग्यावर मी बाउंडरी वॉटर्सचा विषय काढला होता, तेव्हापासून बऱ्याच जणांचे व्यनि आले म्हणून वेगळा धागा काढतोय. मी शाहूपुरीचा, कामानिमित्त काही वर्षं मिनीआपोलिसला होतो, आता परत साताऱ्यात. तिकडं असताना सप्टेंबर संपता संपता एकटाच जायचो. आपल्या सातारा-सांगलीची कितीतरी पोरंपोरी तिकडं शिकायला, नोकरीला आहेत, फॉलचे फोटो बघतात आणि एकट्यानं निघायचं ठरवतात, त्यांना एकच गोष्ट कळकळीनं सांगायचीय. तिथं अस्वलाची भीती सगळ्यात शेवटी ठेवा, पहिली भीती पाण्याची ठेवा. गार पाणी, उलटा वारा आणि लवकर पडणारा अंधार हे तिन्ही एकत्र आले की चांगला तयारीचा माणूस अडचणीत येतो, आणि एकटा असला तर त्याला ओढून बाहेर काढायला कोणी नसतं.

आधी जागेबद्दल. मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट आहे, त्यातलं १० लाख एकरांच्या वर राखलेलं रान म्हणजे बाउंडरी वॉटर्स. ११०० च्या वर तळी. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात आलं, १९७८ ला त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला. बहुतेक तळ्यांवर मोटारबोट चालत नाही, आत रस्ता नाही, टपरी नाही, मोबाइलची रेंज येईल असं धरूनच चालायचं नाही. कनू म्हणजे हलकी निमुळती होडी, ती वल्हवत एक तळं पार करायचं, मग कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि रानातल्या पायवाटेनं पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं, ह्या वाटेला पोर्टेज म्हणतात. लांबी रॉडमध्ये लिहिलेली असते, १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट आणि ३२० रॉडचा एक मैल. नकाशावर १८० रॉड वाचून काही वाटत नाही पण कनू डोक्यावर, पाठीवर सॅक आणि खाली ओल्या मुळ्या अन् दगड असले की ते अंतर चांगलंच जाणवतं, शिवाय एकटा माणूस सगळं एका खेपेत नेऊ शकत नाही, दोन खेपा म्हणजे तीच वाट तीनदा.

मग जायचं कशाला? तर डास आणि चावऱ्या ब्लॅक फ्लाय गेलेल्या असतात, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, बर्च आणि अ‍ॅस्पेन पिवळेधमक झालेले असतात, आणि ऑक्टोबरात टॅमरॅक नावाचं झाड सोनेरी होतं, हे सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्याला पानं गाळतं. रात्री आकाश असं काही दिसतं की विचारू नका, २०२० मध्ये ह्या भागाला डार्क स्काय सँक्च्युअरी (अंधारं आकाश राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळालीय. नशीब असेल तर उत्तरेकडं ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड हलताना दिसतो. ही शांतता मला दुसरीकडं कुठं मिळालेली नाही आणि ती एकट्यालाच जास्त मिळते हे माझं प्रामाणिक मत.

कृष्णाकाठी :
छान धागा दादा. मी सांगलीची, सध्या सेंट पॉलला एमएस करतेय. एक शंका. आमच्या घरात सगळ्यांना पोहता येतं, बाबा तर होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचे, मी स्वतः लहानपणापासून कृष्णेत पोहलेय. तळं तर वाहतंसुद्धा नाही. मग पाण्याची एवढी भीती का? की ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी लिहिलंय?

मिरजेचा_डॉक्टर :
@कृष्णाकाठी, ह्याचं उत्तर मी देतो कारण हा प्रश्न पोहता येणाऱ्यांनीच विचारायला हवा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्ट म्हणून संशोधक आहेत, त्यांनी आयुष्य ह्याच विषयात घातलंय, स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून प्रयोग केलेत. त्यांचा १-१०-१ हा हिशेब लक्षात ठेवा. गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, आपोआप मोठा आचका बसतो, त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी आत जातं आणि पट्टीचा पोहणारासुद्धा तिथंच बुडतो. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, नंतर स्नायू आणि नसा इतक्या गार पडतात की बोटांनी बक्कल लागत नाही, हात पुढं टाकावा म्हटलं तरी पडत नाही. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे लोक समजतात की माणूस गारठून मरतो, खरं तर बहुतेक जण गारठण्याच्या कितीतरी आधी बुडून जातात. अंगात लाइफ जॅकेट असेल तर तो १ तास तुम्हाला मिळतो, नसेल तर मिळत नाही. कृष्णेचं पाणी गार म्हणतो तेव्हा ते २०-२२ अंशाच्या आसपास असतं, तिकडं ऑक्टोबरातलं तळं १० अंशाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. पोहण्याची सवय इथं फारशी कामाला येत नाही.

दुसरं, एकट्यासाठी खास. अंगातलं तापमान उतरायला लागलं की आधी थरथर, मग बोटं ऐकत नाहीत, बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो, आणि मग डोकं चालेनासं होतं. दोघं असले तर दुसरा ओळखतो की ह्याचं काहीतरी बिघडलंय. एकट्याला स्वतःचं बिघडलेलं कळत नाही कारण कळायचं यंत्रच मंदावलेलं असतं. थरथर थांबली आणि बरं वाटायला लागलं तर ते बरं नसतं, धोक्याचं असतं. म्हणून लक्षणं दिसायची वाट बघू नका, भिजलात की लगेच काठाला, कोरडे कपडे, गरम गोड पाणी. दारू अजिबात नको, तिनं त्वचेकडं रक्त जातं, ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

कृष्णाकाठी :
बापरे. हे माहीतच नव्हतं. खूप धन्यवाद डॉक्टर.

सह्यवेडा_सातारा :
डॉक्टरसाहेबांनी अगदी मुद्द्याचं सांगितलं. आता त्यावरून करायचं काय ते लिहितो. लाइफ जॅकेट बसायच्या आधी चढवायचं आणि काठावर उतरल्यावरच काढायचं, कनूत पायाखाली ठेवलेलं जॅकेट काही उपयोगाचं नाही. तळ्याच्या मधून जाऊ नका, काठाकाठानं जा, लांब पडतं पण त्या १० मिनिटांत काठ गाठता आला पाहिजे. लायटर, शिट्टी, छोटी बॅटरी आणि सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र) हे सॅकमध्ये नको, अंगावरच्या खिशात हवं, कारण कनू उलटली आणि वारा असला तर ती सामानासकट निघून जाते आणि तुम्ही काठावर रिकाम्या हातानं उभे राहता. कोरड्या कपड्यांचा एक जोड वॉटरप्रूफ पिशवीत. सुती काही नको, जीन्स तर नकोच, लोकरीचं किंवा सिंथेटिक.

वारा दुपारी वाढतो. त्यामुळं उजाडायच्या सुमारास निघा आणि दुपारच्या आत तंबू टाका. एकटा माणूस दोघांच्या कनूत मागं बसला की पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा ते धरून फिरवतो, म्हणून सोलो कनूच भाड्यानं घ्या, नाहीतर जड सॅक पुढं ठेवा आणि गुडघ्यावर बसून वल्हवा. लाटांवर पांढरा फेस दिसला की निघायचंच नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ झालं. आणि ह्याच्यासाठी हातात रिकामा दिवस पाहिजे. सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी वाऱ्यात कनू घालणारे लोक असतात, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. परतीच्या तारखेनंतर एक पूर्ण दिवस मोकळा नसेल तर जाऊ नका. एकट्यानं जाण्यातलं खरं कौशल्य वल्हवण्यात कमी आणि काठावर गप बसून राहण्यात जास्त आहे, दिवसभर चहा प्या, झाडं बघा, वारा पडू दे.

अंधाराचं राहिलं. आपण १७-१८ अक्षांशावर राहणारी माणसं, आपल्याकडं दिवस किती पटकन लहान होतो हे जाणवतसुद्धा नाही. बाउंडरी वॉटर्सच्या कडेचं ईली गाव ४८ अक्षांशाच्या जवळ आहे, तिथं सप्टेंबरअखेर दिवस रोज तीन मिनिटांच्या वर कमी होत जातो, आठवड्याभरात वीसपंचवीस मिनिटं गेली. मागच्या वेळी साडेसहाला उजेड होता हा अंदाज पुढच्या वेळी चालत नाही.

निवृत्त_मास्तर_वाई :
सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मुळात एकट्यानं जायचंच कशाला हा माझा प्रश्न. मी पोरांना घेऊन कमळगड, रायरेश्वर, केंजळगड वर्षानुवर्षं केले, एकट्याला कधी सोडलं नाही. घरी आई असते, तिच्या जिवाला किती घोर. रागावू नका, काळजीनं विचारतोय.

सह्यवेडा_सातारा :
सर, रागावणार कसा, तुमच्यासारख्यांनीच तर डोंगराची वाट दाखवली आम्हाला. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि प्रत्येकानं एकट्यानं जावं असं माझं म्हणणं नाही. कनू कधी चालवली नसेल, गारठ्यात कधी झोपला नसेल तर पहिल्यांदा सोबतीनंच. पण काही माणसांना एकट्यानं राहायची ओढ असते सर, ती वेडगळ नाही, आणि ती दाबली की माणूस कोणाला न सांगता जातो, ते जास्त वाईट. त्यापेक्षा सांगून, लिहून जाऊ दे.

घरच्यांसाठी मी असं करायचो. कुठल्या प्रवेशातून आत, कुठल्या तळ्यावर मुक्काम, बाहेर कधी, कनूचा रंग, तंबूचा रंग, हे एका कागदावर, एक प्रत मिनीआपोलिसच्या मित्राकडं, एक कनू भाड्यानं देणाऱ्याकडं आणि फोटो आईला. सॅटेलाइट मेसेंजरवरनं रोज तिकडच्या संध्याकाळी सातला "ठीक आहे" एवढा निरोप, तेव्हा साताऱ्यात पहाटेचे साडेपाच, आई उठलेलीच असायची. आणि आधीच ठरवून ठेवायचं की निरोप आला नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग कोणाला फोन करायचा. तिकडं शोधकार्य काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडं, म्हणजे पोलीसप्रमुखाकडं असतं, तो नंबर मित्राकडं हवा. एक निरोप चुकला तर घाबरायचं नाही, दाट झाडीत कधी सिग्नल मिळत नाही, हेसुद्धा आईला आधी सांगून ठेवायचं.

निवृत्त_मास्तर_वाई :
हे पटलं. कागदाची पद्धत आमच्या ट्रेकलासुद्धा लावतो.

कराडची_सून :
सॅटेलाइट मेसेंजरवरून महत्त्वाचं, कृपया सगळ्यांनी लक्ष द्या. गार्मिनचं इनरीच किंवा तसलं कुठलंही यंत्र तिकडून विकत घेऊन भारतात आणू नका. आपल्याकडं परवानगीशिवाय सॅटेलाइटची संपर्क यंत्रं बाळगता येत नाहीत, विमानतळावर परदेशी पर्यटकांना ह्यावरून पकडलेलं आहे. तिकडंच आउटफिटरकडं (कनू, सामान भाड्यानं देणाऱ्याकडं) भाड्यानं मिळतं, तिथंच परत करा. तसंच गॅसचा डबा आणि बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा फवारा) विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, उतरल्यावरच घ्यायचं.

आणि @कृष्णाकाठी, मी एकटी गेलेय, म्हणून बाईच्या नजरेनं सांगते. आत गेल्यावर माणसांची भीती मला अजिबात वाटली नाही, वाटलंच तर रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये, तिथं अंधार व्हायच्या आत निघायचं. रात्रीचा त्रास म्हणजे आवाज. लून नावाचा पक्षी रडल्यासारखा ओरडतो, पहिल्यांदा ऐकलं तर अंगावर काटा येतो, पण सप्टेंबरअखेर बरेच मोठे लून दक्षिणेकडं निघालेले असतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागं राहून नंतर एकटी जातात, कोणी वाट दाखवायला नसताना. त्याच सुमाराला मूसचा, म्हणजे तिकडच्या भल्या मोठ्या हरणाचा, माजाचा काळ असतो, नर खर्जात घुमतो आणि झाडांवर शिंगं घासतो, तेव्हा त्याच्यापासून लांबच राहायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही. आणि पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो, डोक्यावर भडक नारिंगी टोपी ठेवा.

वारणेकाठ :
मी शिराळ्याचा, आमच्याकडं चांदोलीत अस्वल आहे, गवा आहे, बिबट्या आहे. अस्वलानं माणसाची काय अवस्था केली ते गावाकडं बघितलेलं आहे. आणि तुम्ही म्हणता अस्वलाची भीती शेवटी? हे काय झेपलं नाही बघा.

सह्यवेडा_सातारा :
@वारणेकाठ भाऊ, तुमची भीती खरी आहे पण प्राणी वेगळा आहे. आपलं अस्वल दचकलं की पळायच्या ऐवजी अंगावर येतं, म्हणून आपल्याकडं जखमी होणारी माणसं इतकी. तिकडचं काळं अस्वल दचकलं की बहुधा झाडावर नाहीतर रानात पळतं. त्याला तुमच्यात रस नाही, तुमच्या डब्यात आहे. फॉलमध्ये हिवाळी झोपेआधी ते दिवसभर नुसतं खात असतं, त्यामुळं खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळ्या वासाच्या वस्तू एकतर बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात) किंवा दोरीनं टांगून, जमिनीपासून १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट बाजूला. तिथं आता ह्याचा नियमच आहे. झाडं अशी नेमकी सापडत नाहीत आणि गारठलेल्या बोटांनी अंधारात दोरी टाकत बसणं फार जिकिरीचं, म्हणून मी कॅनिस्टरवाला. तंबूत शेंगदाणासुद्धा नको. आलंच तर मोठ्यानं ओरडा, भांडी वाजवा, पळू नका.

पोटोबा_सातारा :
खायला काय न्यायचं ते कोणीच लिहिलं नाही! तिथं काय शिजवता?

कराडची_सून :
काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे आत न्यायला बंदी आहे, त्यामुळं कोरडं सामान. मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेलं बेसन (पिठलं दहा मिनिटांत), गूळ-शेंगदाणे, आणि मऊ भात घरीच शिजवून डिहायड्रेटरमध्ये वाळवून नेते, गरम पाणी घातलं की झाला. भडंग तर पाहिजेच, फक्त घट्ट पिशवीत. तांदूळ भारतातून नेऊ नका, प्रवाशाला न्यायची परवानगी नाही, तिकडच्या इंडियन ग्रोसरीत सगळं मिळतं. पाणी तळ्याचंच, पण त्यात जिआर्डिया (पोट बिघडवणारा जंतू) असतो, एक मिनिट खळखळून उकळा किंवा फिल्टर. फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, आत पाणी गोठलं तर तो बाद होतो आणि बाहेरून कळतसुद्धा नाही.

गॅसचं एक. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, पहाटे स्टोव्ह पेटत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि डबा उशाशी ठेवा. शेकोटी फक्त कॅम्पसाइटवरच्या लोखंडी जाळीतच करायची, तीसुद्धा बंदी नसेल तर. २०११ मध्ये ऑगस्टात वीज पडून लागलेली पगामी क्रीकची आग सप्टेंबरात वाऱ्यानं एकदम पसरली आणि ९२,००० एकरांच्या वर रान जळलं. लेक थ्री नावाच्या तळ्याच्या पुढं गेलात की तो पट्टा दिसतो, जुने काळे बुंधे आणि त्यांच्यात दाटीनं उगवलेली जॅक पाइनची नवी झाडं. ह्या पाइनची बरीच बोंडं राळेनं चिकटलेली असतात, आगीच्या उष्णतेनं उघडतात आणि मग बी पडतं.

शिवसागराखालचं_गाव :
माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, आम्ही आता सांगली जिल्ह्यात. लोक शिवसागराचे फोटो टाकतात, किती शांत, किती निर्मनुष्य म्हणून लिहितात, तेव्हा मला आत कुठंतरी तुटतं, कारण ते निर्मनुष्य नव्हतं, निर्मनुष्य केलंय. ह्या तुमच्या तळ्यांच्या रानात पण कोणी राहत होतं का?

सह्यवेडा_सातारा :
तुम्ही हे विचारलंत म्हणून बरं झालं. हो, राहत होते आणि त्यांचे वंशज आजूबाजूला आजही आहेत. हा अनिशिनाबे म्हणजे ओजिब्वे ह्या मूळनिवासी लोकांचा मुलूख. १८५४ च्या करारानं जमीन अमेरिकन सरकारकडं गेली पण शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करायचा हक्क त्यांनी राखून ठेवला, तो आजही चालू आहे. ज्या पोर्टेजवरनं आपण कनू नेतो त्यातल्या बऱ्याच वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत, नंतर कातड्यांचे फ्रेंच व्यापारी त्याच वाटांनी गेले. ईलीजवळ नॉर्थ हेगमन तळ्यावर उभ्या कड्यावर लाल गेरूनं काढलेली चित्रं आहेत, माणूस, मूस, कनू. कनूतूनच बघायची, हात लावायचा नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ तळ्यात जंगली भात पिकतो. एकजण लांब काठीनं कनू पुढं ढकलतो, दुसरा दोन दांडक्यांनी लोंब्या कनूत वाकवून हलकेच झोडतो, पिकलेलेच दाणे पडतात, बाकीचे पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. ते चालू असेल तर त्यांच्या भातातनं कनू घालू नका, लांबून जा. आणि १९७८ चा कायदा आला तेव्हा बहुतेक तळ्यांवरच्या मोटारबोटी बंद झाल्या, कडेचे काही रिसॉर्ट सरकारनं विकत घेतले, त्यावरून ईली गावात फार कडवट भांडणं झाली. रान राखलं गेलं हे मला मोलाचं वाटतं, पण कोणीतरी त्याची किंमत मोजली हे विसरून तिथं बसू नये, एवढं नक्की.

शिवसागराखालचं_गाव :
नीट उत्तर दिलंत. आभार.

अजिंक्यताऱ्याचा_पोरगा :
दादा तयारी साताऱ्यात कुठं करायची? बामणोलीला काठावर टेंट टाकून एकटा झोपलो तर चालतंय का?

सह्यवेडा_सातारा :
कोयना अभयारण्याच्या हद्दीत रात्री राहता येत नाही, वासोट्यावर मुक्काम नाहीच, कास पठारावर तर चुकूनसुद्धा तंबू नको. बामणोली, तापोळ्याकडं खाजगी जागेत मालकाला विचारून राहता येतं. डिसेंबर-जानेवारीत जा, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडं दंव गोठतं त्या आठवड्यात गेलास तर स्लीपिंग बॅगची खरी परीक्षा होते. बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट, विकत घेताना कम्फर्टचा बघ, आणि खालच्या मॅटवर पैसे वाचवू नको, जमीन पाठीतनं सगळी ऊब ओढून घेते. तिकडं ऑक्टोबरात रात्री शून्याच्या खाली जातं, बर्फ पण पडू शकतो. आणि बामणोलीला गेलास तर येताना थर्माकोलच्या पत्रावळी दिसतील तेवढ्या उचलून आण.

कृष्णाकाठी :
मी ठरवलंय. पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर जाणार आणि एकटीनं पुढच्या वर्षी. लेक वनवरून आत, लेक टूवर एकाच ठिकाणी मुक्काम, तिथूनच इकडंतिकडं फिरायचं, तंबू रोज हलवायचा नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरलाय. आत जायच्या परमिटचं नीट कळत नाहीये, सप्टेंबरात कोटा आहे आणि ऑक्टोबरात नाही असं का?

सह्यवेडा_सातारा :
१ मे ते ३० सप्टेंबर रोज प्रत्येक प्रवेशातून ठराविकच गट सोडतात, त्याला आधी आरक्षण लागतं. १ ऑक्टोबरपासून कोटा नाही, पण परमिट लागतंच, ते स्वतः भरायचं आणि जवळ ठेवायचं. ऑक्टोबरात बरेच आउटफिटर बंद व्हायला लागतात, म्हणून कनूचं आत्ताच फोन करून पक्कं कर, सोलो न घेता दोघींची केव्हलारची (हलक्या, मजबूत धाग्याची) माग, ती वीसेक किलोची असते, दोघींना आळीपाळीनं उचलता येईल. लेक वनमध्ये बेटं आणि फाटे इतके आहेत की वाट चुकते, छापील नकाशा आणि होकायंत्र मांडीवर पाहिजे, फोनवर भिस्त नको, गारठ्यात बॅटरी उतरते. आणि जायच्या आधी मिनीआपोलिसच्या एखाद्या तळ्यात काठाजवळ, उन्हाच्या दिवशी, लाइफ जॅकेट घालून मुद्दाम कनू उलटवून बघा दोघी.

कृष्णाकाठी :
ह्याच शनिवारी करतो. बाबांना हा धागा पाठवलाय, ते म्हणतात वल्हं कसं धरायचं ते व्हिडिओ कॉलवर मी शिकवतो.